भोंगा वाजला की लाट

५ जानेवारी, सोमवार

हो म्हणून बसलो!

संचिता म्हणाली, तू लाइफगार्ड आहेस, म्हणजे तुला सर्फिंग येत असेल. मी म्हटलं, येतं की. म्हणाली, शिकवशील? म्हटलं, शिकवतो की. तोंड उघडलं आणि सुटलं. कॉलेजही माझं असंच सुटलेलं. लॅबच्या सरांना सगळ्यांसमोर बोललो, जर्नल खिडकीतून खाली, आणि सेकंड इयरला रामराम.

पोहता येतं मला. बुडणाऱ्याला केसांना धरून काठावर आणता येतं. पण सर्फिंग! आमच्या वॉटर पार्कमध्ये एकच बोर्ड आहे — गेटजवळच्या सेल्फी पॉइंटवर, प्लास्टिकच्या माडाशेजारी स्क्रूने ठोकलेला. भगवानशेठनी गोव्याहून आणलेला. जुना आहे पण खरा आहे. मी त्यावर आजवर एकदाच पाय ठेवलाय, तोही वरचा बल्ब बदलायला.

संचिता म्हणजे भगवानशेठची भाची. आंबिवलीला राहते. दिवाळीत तिकीट खिडकीवर मदतीला आलेली, तेव्हापासून माझं हे असं आहे.

थंडीत पार्क दहाला उघडतो. त्याआधी वेव्ह पूलचं मशीन रोज एकदा चालवून बघावं लागतं, त्याच वेळात तिने मामाकडून परवानगी काढलीय. बुधवारपासून. मी म्हटलं, उद्या बोर्ड तपासून घेतो. बोर्ड कसला तपासतोय, स्वतःलाच तपासायचंय.

६ जानेवारी

पहाटे गेलो, बोर्डचे स्क्रू काढले. पाणी एवढं गार की शिवीसुद्धा अर्ध्यात अडकली.

बोर्डवर पोटावर झोपायचं, लाट मागून आली की हात टेकून एका झटक्यात उभं राहायचं. व्हिडिओत ते पोरगं झोपेतून उठल्यासारखं उठतं. मी बोर्डच्या या बाजूने चढलो की त्या बाजूने उतरतो. नाकात, कानात, सगळीकडे क्लोरीन.

एकदाही उभा राहिलो नाही. उद्या शिकवणी.

७ जानेवारी, बुधवार

जमलं! म्हणजे शिकवायचं जमलं.

युक्ती सापडली. मशीनचं बटण पूलपासून लांब, खांबाला आहे. आधी भोंगा वाजवायचा, मग लाटा सोडायच्या. तिला म्हटलं, तू पाण्यात, मी बटणावर. दोघं पाण्यात गेलो तर लाट कोण सोडणार? विषय संपला.

आधी तिला कोरड्या लादीवर तासभर उठबस करायला लावली. व्हिडिओतलं सगळं मराठीत करून सांगितलं — नजर पायाकडे नको, गुडघे वाकव, घाई करू नकोस. मला "सर" म्हणायला लागली. "सर, तुम्ही किती वर्षं करताय हे?" मी म्हटलं, बरीच. "कुठे शिकलात?" म्हटलं, दिव्याला, स्टेशनजवळ. म्हणाली, दिव्याला तर नळालाही पाणी नसतं. मी म्हटलं, म्हणून तर डोंबिवलीला राहायला आलो.

हसली. थंडीने दात वाजत होते तरी हसली.

९ जानेवारी

गादीवर सराव केला. झोपायचं — झटक्यात उभं. झोपायचं — उभं. आई दारात कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही. म्हणाली, खालच्या काकू विचारतायत, तुमच्याकडे कोणी पडतंय का सारखं. मी म्हटलं, व्यायाम करतोय. ती म्हणाली, कर, पण व्यायामात माणूस मधेच हसत नाही.

१० जानेवारी, शनिवार

कळलं, ती का शिकतेय.

स्थळ आलंय. आलंय काय, बोलणी झालीत. पंचवीसला साखरपुडा. मुलगा ठाण्याचा, सुशांत नाव, आयर्लंडला हॉस्पिटलात नर्स आहे. समुद्रकाठचं कुठलंसं गाव — नाव तिने तीनदा सांगितलं, मला एकदाही लिहिता येत नाही. दर रविवारी सर्फिंगचा फोटो टाकतो. काळा रबरी सूट, बगलेत बोर्ड, मागे करडा समुद्र. तिने मला मोबाइलवर एकेक करून सगळे दाखवले! आणि या बाईने व्हिडिओ कॉलवर ठोकून दिलं की मामांचा वेव्ह पूल आहे, मीही लहानपणापासून करते. तो सोळा तारखेला सुट्टीवर येतोय. तोपर्यंत उभं राहता आलं पाहिजे.

"मामांना यातलं काही बोलू नकोस हां, सर."

मी म्हटलं, नाही बोलणार. मग गेटवर गेलो आणि प्लास्टिकच्या माडाला लाथ घातली. माड आडवा.

संध्याकाळी शेठ आले. "काय रं सर्वेश, ह्यो झार कोनी पारला?" म्हटलं, वारा होता. शेठ शेजारच्या दुसऱ्या माडाकडे बघत म्हणाले, "वारा एकाच झाराला लागला काय?"

१२ जानेवारी

जाणार नव्हतो. गेलो.

१३ जानेवारी, मंगळवार

उभी राहिली!

भोंगा वाजवला, लाटा सोडल्या. तिसऱ्या लाटेला उठली आणि पडलीच नाही. हात दोन्हीकडे पसरलेले, ओल्या वेणीतून पाणी गळतंय, चेहरा असा की जणू घरातलं हरवलेलं माणूस सापडलं. मग धाडकन पाण्यात. वर आली ती ओरडतच — बघितलंस? बघितलंस का?

बघितलं. दुसरं काय करतोय मी इथे.

मला अजून जमलेलं नाही. माझ्या शिष्येला जमतं, मला नाही. पहाटे साडेपाचला जाऊन पडतो, सात वाजता केस पुसून शिकवतो.

ती काठावर चहा पीत म्हणाली, एकदा तू करून दाखव ना, मी बटण दाबते. म्हटलं, मशीन नाजूक आहे, शेठ ओरडतील. बरं, म्हणाली. आणि कप ओठाला लावून माझ्याकडे बघत राहिली.

१६ जानेवारी, शुक्रवार

तो आला. म्हणजे नुसता भारतात नाही, सरळ माझ्याकडे!

दुपारी पूलवर कोणी नव्हतं. एक उंच, जाडसर, चष्मेवाला माणूस येऊन तिळगुळाचा डबा पुढे करतो. मी सुशांत, म्हणाला. माझ्या मुठी आपोआप वळल्या. एका हातात तिळगूळ असताना मूठ नीट वळत नाही.

इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "भावा, संचिता म्हणाली, पार्कात येणाऱ्यांना तू शिकवतोस. मला पण शिकव. मला येत नाही."

मी म्हटलं, मग ते फोटो?

तर फोटोचं असं — तिथला किनारा आत वळलेला आहे, दोन्ही बाजूंना कडे, वारा अडतो, म्हणून शिकाऊ लोक सगळे तिथेच येतात. बोर्ड आणि सूट तासावर मिळतात. हा सूट घालतो, वाळूवर उभा राहतो, रूममेट फोटो काढतो, आणि हा बोर्ड कोरडाच्या कोरडा परत करतो. पाणी बर्फ आहे, म्हणाला, आणि कमरेच्या वर आलं की माझा श्वास अडकतो. पहिला फोटो गंमत म्हणून टाकलेला. तो बघून संचिता व्हिडिओ कॉलवर म्हणाली की वा, मीही करते. मग मागे कसं फिरणार?

"तिला लहानपणापासून येतं रे. मला बघून काय म्हणेल ती?"

मला एवढं हसू आलं की तिळगूळ घशात अडकला. पाठीत त्यानेच थोपटलं. नर्स आहे ना.

हातात आलाय माझ्या. एक शब्द संचिताला सांगितला की साखरपुडा गोत्यात. मनात हेच म्हणत त्याला हो म्हटलं.

१७ जानेवारी

सकाळी ती, दुपारी तो. बोर्ड तोच, शिकवणारा तोच. अडाणी.

१९ जानेवारी, सोमवार

याच्यावर चिडायचं तरी कसं!

गुडघाभर पाण्यात बोर्डला असा धरून असतो, जसा लहान मुलगा शाळेच्या दारात आईचा पदर धरतो. पडला की आधी मला विचारतो, तुला लागलं नाही ना? माझ्या कोपराला खरचटलेलं बघून पिशवीतून मलम काढलं, पट्टी लावली, वर सांगितलं की क्लोरीनच्या पाण्यात आठवडाभर जाऊ नकोस. मी म्हटलं, मग तुला शिकवणार कोण? तर म्हणतो, सुटलो.

वाईट असता तर किती बरं झालं असतं.

२० जानेवारी, मंगळवार

आज तिने विचारलं. बोर्ड पुसत होतो दोघं. "सुशांत तुला कसा वाटतो? खरं सांग."

सगळं जिभेवर होतं. तो खोटारडा आहे, पाण्याला घाबरतो, ते फोटो कोरडे आहेत. आणि त्याच्या मागून आणखी एक वाक्य येऊ बघत होतं, ते माझं स्वतःचं होतं.

म्हटलं, चांगला आहे.

"एवढंच?"

म्हटलं, एवढंच.

तिने फडका पिळला, पिळत राहिली, त्यातलं पाणी केव्हाच संपलेलं. मग म्हणाली, ठीक आहे सर.

आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं! घरी येईपर्यंत स्वतःबद्दल फार चांगलं वाटत होतं. जेवताना आईला म्हटलंसुद्धा, माणसाला गप्प बसता आलं पाहिजे. आई म्हणाली, ताप आहे का तुला?

२१ जानेवारी

पहाटे बटण दाबून धावत पाण्यात शिरलो आणि उभा राहिलो. खरंच. मोजून एक लाट. बघायला कोणी नव्हतं.

२३ जानेवारी, शुक्रवार

शेठच्या डोक्यात आलं — जावई सर्फिंग करतात, मग बघूया की. सकाळी घरची सगळी मंडळी खुर्च्या टाकून पूलच्या काठावर. संचिताची आई, मावश्या, भजीची परात. सुशांत रंगीत चड्डीत, बोर्ड बगलेत. फोटोतल्यासारखाच दिसत होता, फक्त ओठ निळे. मी बटणापाशी. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे काय ते मलाही माहीत नाही.

भोंगा वाजवणार, तेवढ्यात त्याने हात वर केला.

"एक मिनिट," म्हणाला. "मला हे येत नाही. कधीच केलेलं नाही. फोटोपुरता उभा राहतो मी. संचिता, सॉरी."

भजीसुद्धा कोणी चावत नव्हतं. मला वाटलं, संपलं. लाज वाटते लिहायला, पण छातीत ढोलताशे वाजले.

आणि संचिता हसायला लागली. कशी हसली! खुर्चीवरून खाली बसली, मावशीचा पदर तोंडावर धरून हसली. म्हणाली, मलाही येत नव्हतं, गेल्या आठवड्यात शिकले. मग तोही हसायला लागला. सगळ्या मावश्याही. मी पण हसलो, न हसून कसं चालेल.

शेठना मात्र खुर्च्या टाकल्याचं वाईट वाटत होतं. "मंग सर्वेश, तू दाखव. तू तर मास्तर. बटन मी दाबतंय."

सगळे माझ्याकडे वळले. संचिताही. ती हसायची थांबलेली.

तेव्हा बोलायला हवं होतं. सुशांत बोलला तसं, सरळ — मलाही येत नाही, मी नुसता तुझ्यासाठी. किंवा नुसतं पाण्यात पडायला तरी हवं होतं. त्या माणसाने सासरच्या सगळ्यांसमोर स्वतःची फजिती केली आणि मी काय केलं?

मी म्हटलं, शेठ, माझ्या कोपराला लागलंय.

सुशांतने लगेच सांगितलं, हो हो, त्याला पाण्यात जायचं नाही. पट्टी मीच लावलीय.

संचिता माझ्याकडे बघत राहिली. मग बोर्ड उचलला, एकटी पाण्यात गेली. मी भोंगा दिला, लाटा सोडल्या. चार लाटांवर उभी राहिली. मावश्यांनी टाळ्या वाजवल्या. सुशांतने टॉवेल पसरून धरला.

२४ जानेवारी

बोर्ड सेल्फी पॉइंटवर परत ठोकला. एक स्क्रू कमी पडला.

२५ जानेवारी, रविवार

साखरपुडा झाला. मी वाढायला होतो. ती हिरव्या शालूत, हातात ताट घेऊन रांग सोडून माझ्या बाजूला आली. हळू आवाजात म्हणाली, तुला सर्फिंग येत नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

जिलबीचा चिमटा माझ्या हातात तसाच. म्हटलं, मग एवढ्या थंडीत रोज का येत होतीस?

"हे तू कधी विचारतोस ते बघत होते."

ताट पुढे केलं. मी दोन जिलब्या वाढल्या. ती गेली.

लग्न मे महिन्यात आहे.