घाटावरच्या कपड्यांचं धुणं

१४ एप्रिल, पुणतांबा

आलो एकदाचा. नगरपासून गाडीत खिडकी मिळाली, शेजारच्या बाईंनी कलिंगडाची फोड दिली, उतरलो तेव्हा स्टेशनावर मोरही दिसला. मोर बघत बसलो आणि अवजारांची पेटी गाडीतच राहत होती. गार्डनं शिट्टी मारून दाखवली, म्हणून वाचली.

रोजनिशी लिहायचं ज्योतीनं सांगितलं. ज्योती म्हणजे माझी धाकटी बहीण. आईवडील नाहीत, ती खर्ड्याला मावशीकडे असते आणि मी जिथं काम मिळेल तिथं. ती म्हणते, दादा, तू कुठं होतास ते तुलाच सांगता येत नाही, लिहीत जा. खरंय तिचं. सुरतेला मी पंख्याच्या कारखान्यात होतो का मिक्सरच्या, यावर आमचं भांडण झालेलं आहे.

सहा मेला तिचं लग्न. भाऊ मी एकटाच, त्यामुळे नवरदेवाचा कान पिळायचा मान माझा. साखरपुड्याला मी पोचलो नव्हतो. गोव्याकडं निघालेला एक ट्रक भेटला आणि बसलो, त्याला काय करणार. या वेळी तिनं शपथ घातलीय. आला नाहीस तर मला भाऊ नव्हताच असं धरीन, म्हणाली. हसत म्हणाली, पण म्हणाली.

आता काम. गावाबाहेर कांद्याचं जुनं गोडाऊन आहे, तिथं वरदसरांनी लाँड्री काढलीय. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यासारखी नाही. शिर्डीच्या लॉजांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल टेम्पोनं इथं येणार आणि धुऊन, वाळून, कडक होऊन परत जाणार. वरदसरांचे आजोबा भिक्षुकी करायचे, वडील मास्तर, आणि हे पुण्याची नोकरी सोडून धुण्यात पडले. स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात. मशिनी बसवायला कंपनीनं आम्हा दोघांना पाठवलंय, सोनईचे गहिनीनाथदादा मोठे फिटर आणि त्यांच्या हाताखाली मी. राहायला गोडाऊनलाच लागून एक खोली दिलीय. पंखा आवाज करतो, पण फिरतो.

१६ एप्रिल

धुण्याचं मोठं मशीन आज ट्रेलरवरून उतरवलं. म्हशीएवढं धूड. चेनपुली लावली, खाली लोखंडी पाइप घातले आणि गडगडत आत नेलं. मध्येच एक मुंगूस आडवं गेलं, मी त्याच्यामागं बघत राहिलो, तर दादांनी शिवी घातली. म्हणाले, हात मशिनीत आन् डोळे मुंगसात, आसं केलं तर बोटं इथंच ऱ्हात्यात.

छबूबाईही आल्या होत्या. गावातल्याच, शेतकरी घरातल्या, पन्नाशीच्या. मशीन चालू झालं की चालवायचं त्यांनाच आहे. मशीनभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, एवढ्या मोठ्या तोंडाचं हाय, खायला लई लागंल याला. मला विचारलं, लगीन झालंय का. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मंग चेहरा आसा सुटल्यावानी का.

१९ एप्रिल

पायाचे बोल्ट ओतून झाले. पाणसळ लावून चारही बाजू बघितल्या, बुडबुडा बरोबर मध्ये. दादांनी समजावलं, हे एवढं का करायचं. ओलं कापड घेऊन ड्रम जोरात फिरतो. कापड एका अंगाला गोळा झालं की तोल जातो, आणि पाया कच्चा असला तर मशीन जागा सोडून चालायला लागतं. तुझ्यावानी, म्हणाले. तुला बी कुनीतरी चार बोल्टात बसवाय पायजे.

मला एका जागी पाचवा दिवस लागला की तळपायाला मुंग्या येतात. आज स्टेशनापर्यंत उगाच जाऊन आलो. मनमाडकडची गाडी गेली, दौंडकडची गेली. बघितल्या आणि परत आलो. शपथ आहे.

२१ एप्रिल

दादांना नाशिकच्या साइटवर बोलावलं, ते गेले. राहिलेलं मी करायचं. जाताना दोन गोष्टी बजावल्या. नव्या ड्रमला कारखान्याचं तेल असतं, म्हणून पहिलं धुणं जुन्या चिंध्यांचं, सरांच्या पांढऱ्या चादरी घातल्यास तर जीव घेईन. दुसरी, तोल गेला तर मशीन आपोआप थांबतं. तेव्हा घाबरायचं नाही, कपडे मोकळे करायचे, आणि तरी भागलं नाही तर हाताला येईल ते एखादं कापड वर टाकायचं. वजन सारखं झालं की चालतं.

२२ एप्रिल

चिंध्या आणायला निघालो. शिंप्याकडं जायचं होतं, पण वाटेत नदी लागली. पाणी खाली गेलेलं, दगडांवर बगळे. घाटावर कुणाचं तरी दहाव्याचं आवरून लोक चालले होते. घाटाच्या कडेला बाभळीखाली कपड्यांचा ढीग पडलेला. लुगडं, सदरा, धोतर, मफलर, एक जाडजूड गोधडी. गेलेल्यांचे कपडे असे ठेवून जातात हे मला कळत नाही असं नाही. पण मशीनला काय कळतंय. शिंप्याला मागत बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून पोतं भरलं.

दुपारी मशीन लावलं. पाणी घेतलं, घुसळलं, पिळायला गेलं आणि धडधडून थांबलं. पॅनेलवर तोल गेल्याचा लाल दिवा. कपडे मोकळे केले, परत तेच. मग अंगातला शर्ट काढून टाकला, तसाही ग्रीसनं माखलेला. आणि काय सांगू, एकदम लोण्यासारखं फिरलं. वर भरला चहा ठेवला होता, साय हलली नाही. छबूबाईंनाही दाखवलं, बघा, हलायला लागलं की एक कापड टाकायचं, बास.

शर्ट असा निघाला की ओळखू येईना. कॉलरची झीज नाही, खिशाजवळचं विडीचं भोक नाही. जणू कुणी कधी घातलाच नव्हता. पावडर झकास आहे म्हणायची.

२३ एप्रिल

स्टॅंडजवळ ज्यांच्याकडं रोज सकाळी बसतो, त्या चहावाल्यांनी आज विचारलं, पाव्हणं कुठले. मी म्हटलं, चेष्टा करता काय. ते चेष्टा करत नव्हते. रोज माझ्याकडून सुरतेच्या गोष्टी काढून घेतात हा माणूस. असू दे. उन्हानं होत असेल.

दुसरं धुणं त्याच ढिगाचं. परत थांबलं. माझी पॅंट आणि टॉवेल टाकला, मग चाललं. पॅंटही कोरी निघाली.

एक गोष्ट मात्र समजत नाही. पॅनेल कोरड्या कपड्यांचं वजन दाखवतं. ढीग तोच, वाळवून घातलेला, आणि वजन कालच्याहून जास्त.

२५ एप्रिल

वजनाचं विचारायला गहिनीनाथदादांना फोन केला. त्यांनी विचारलं, कोण बोलतंय. आदिनाथ म्हटलं. कोण आदिनाथ? पुणतांब्याची साइट म्हटलं, तर म्हणाले, तिथं मी एकलाच हुतो, तुला माझा नंबर कुनी दिला. आणि ठेवला.

गंमत करतात. पण ते गंमत करतात तेव्हा शेवटी शिवी देतात. आज दिली नाही.

ज्योतीला लावला. तिनं पहिल्या रिंगला उचलला, दादा, आचाऱ्यानं जिलबीला नाही म्हटलंय, तू येऊन भांड त्याच्याशी. एवढं बरं वाटलं.

२६ एप्रिल

छबूबाई ढीग वाळत घालत होत्या. गोधडी हातात घेऊन थांबल्या. तिच्या कोपऱ्याला लाल ठिगळ आहे. ते ठिगळ त्यांनीच लावलेलं, शेजारच्या बनुबाईंच्या गोधडीला. बनुबाई याच महिन्यात गेल्या. मला विचारलं, हे कुठनं आनलं. सांगितलं.

ओरडल्या नाहीत. खाली बसल्या. म्हणाल्या, मेलेल्याचं वापरलेलं नदीवर ठिवत्यात ते त्येच्या मागं जावं म्हनून. तू माघारी आनलंस. आन् त्यात सोताचं टाकलंस? टाकलं म्हटल्यावर म्हणाल्या, तुझ्या अंगाची वळखच त्या कापडात जातीया पोरा. हे उचल आन् होतं तिथं नेऊन ठिव, आत्ता.

पोत्यात भरायला गेलो. सदऱ्याची बाही कोपरात वाकलेली होती, आत हात असल्यासारखी. सरळ केली, परत वाकली.

ढीग कोरडा आहे. मला उचलला नाही. आम्हा दोघांनाही नाही. एकेक कापड मशीनमध्ये तेवढं जात होतं, गोडाऊनच्या दाराकडं हलत नव्हतं.

२८ एप्रिल

वरदसर आले. छबूबाईंना विचारत होते, कंपनीचा माणूस कधी यायचाय. मी समोर उभा. म्हटलं, सर, मी आदिनाथ. त्यांनी सभ्यपणे विचारलं, काय काम होतं आपलं. छबूबाई मध्ये पडल्या, आवो, ह्यो आपलाच. सर हसले, बरं म्हणाले, आणि खोलीची किल्ली मागून घेतली. परक्याला ठेवता येत नाही म्हणाले. छबूबाईंनी मला मशीनसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जागा करून दिली.

हिशोब लावला. एक कापड गेलं की कुणीतरी एक जातं, आधी लांबचं, मग जवळचं. कोरे झालेले कपडे परत घालून बघितले, घाम येऊन का होईना, माझे व्हावेत म्हणून. दिवसभर उन्हात उभा राहिलो. कापडाला घाम लागत नाही. अंगावरून ओघळतो आणि कापड कोरडंच.

सकाळी वजन अजून वाढलेलं.

३० एप्रिल

छबूबाईंनी ढीग मशीनमध्येच ठेवलाय. घाटावर न्यायला चार गडी आणते म्हणाल्या, गावात गेल्या, एकट्याच परत आल्या. थोड्या वेळानं मशीनपाशी गाठून मी विचारलं, गडी कुठंत. त्या म्हणाल्या, कसलं गडी, आन् तू कोन रं.

मशीन आवाज करत होतं. आत माझी चादर होती, बनियन होते. मी खोलीतनं आणून शेडमध्ये दोरीवर टाकले होते, ते त्यांनी उचललेले. तोल जात हुता म्हनून टाकले, म्हणाल्या. हलायला लागलं की एक कापड टाकायचं. कुनी शिकवलं आठवत न्हाई, पन शिकवलंय.

१ मे

आता एकच सदरा राहिला. ज्योतीनं लग्नासाठी घेतलेला, मोरपंखी. अंगात घातला आहे आणि काढणार नाही. बाकी सगळं कोरं.

माणूस एकच राहिलं. तासातासाला फोन करतो. ती वैतागते. दादा, कामं आहेत रे. वैतागू दे. दादा म्हणते.

ढिगाच्या नादाला आता लागत नाही. परवा सकाळच्या गाडीनं जातो. उद्या गाडीला जागा नाही, लग्नांची गर्दी. परवा.

आयुष्यभर कुठून निघायला मला कधी अडचण आली नाही.

२ मे

स्टेशनावरच थांबलो होतो. हवालदारानं हाकललं. नाव विचारलं, मी सांगितलं, त्यानं परत विचारलं. तीनदा. ऐकून विसरत होता, माझ्यासमोर.

परत शेडमध्ये. दुसरी जागा नाही.

मशीनच्या गोल काचेला आतून कापड टेकलेलं. लुगडं, त्यावर धोतर. मध्ये जागा सोडलेली. एका माणसाची —

नाही बघायचं तिकडं.

३ मे, सकाळ

सदऱ्याला वास मारतोय. असा लग्नघरात कसा जाऊ. टाकीवर दोन तांबे अंगावर घेतले, तेवढाच वेळ सदरा दगडावर ठेवला. डोळ्यांत साबण. पुसले —

दगड मोकळा.

पळालो. छबूबाई मशीनपाशी उभ्या. दार बंद. तोल जात हुता, म्हणाल्या.

दार उघडत नाही. चालू असताना उघडत नाही, मीच बसवलंय कुलूप. मेन स्विच पाडला. फिरतंय. वायर काढली. फिरतंय. काचेत मोरपंखी

ज्योतीला फोन लावला. उचलला. दादा, म्हणाली, निघालास का. बोलत राहा म्हटलं, काहीही बोल, ठेवू नकोस. बोलतेय. एका हातात फोन, एका हातानं हे. लिहिलेलं तरी राहील.

हळद भिजवलीय. मावशी रडतेय. जिलबी ठरली. दादा तू

पिळायला लागलं. आवाजच नाही. लोण्यासारखं

कान पिळायला कोण आहे विचारतेय मावशीला. मला ऐकू येतंय. मावशी म्हणते, चुलत्याच्या पार्थला सांगितलंय की.

मी आहे म्हटलं. ज्योती, मी आहे.

हॅलो, म्हणाली.

आता तुम्ही म्हणाली मला. तुम्ही कोण बोलताय. मागे बायका हसतायत. लग्नघर आहे, फोन मोकळा ठेवा म्हणते. चिडलेली नाही. चिडली असती तर

थांब म्हटलं. सांगतो. ज्योती, ऐक, मी तुझा