लतिकेचा चौथा मणका

जूचंद्र, २० जून २०२४

ती. श्रीरंगदादास लतिकेचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायला तू तयार नाहीस, म्हणून हा कागद. इकडे सर्व ठीक. पाय तेवढे वर्षभर छळतायत. दोनशे पावलं चालले की कमरेपासून पोटरीपर्यंत कळ येते, मग कुणाच्या तरी ओट्यावर टेकते. बसलं की थांबते. गुडघ्यांचे फोटो दोनदा काढले, तेलं चोळून झाली. नवल म्हणजे रांगोळीला तीन तास वाकून बसले तरी काही दुखत नाही. देवीच्या पायऱ्या चढते, उतरताना मात्र रडू येतं.

डॉक्टरांपाशी रांगोळीचं नाव काढलेलं नाही. बंद करा म्हणाले तर? दिवाळीच्या प्रदर्शनात यंदा मला चेहरा काढायचाय.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी लतिका


चांदीप, २७ जून २०२४

चि. सौ. लतिकेस अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. आपली आत्या आठवते? ओणवी होऊन चालायची आणि आपण तिला ताठ चाल म्हणून चिडवायचो. ताठ झाल्यावर तिला दुखत असणार, हे मला आज कळलं. फार वाईट वाटलं.

तुझं दुखणं गुडघ्यात नसावं, कमरेत असावं. डॉक्टरांना अर्धं सांगून पूर्ण औषध मागतेस, हा कुठला न्याय? सुनेला बरोबर घे आणि रांगोळीसकट सगळं सांग. मला भीती वाटते गं.

या म्हाताऱ्यावरचा लोभ आटू नये.

श्रीरंग


जूचंद्र, ८ जुलै २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

सुरुचीबरोबर माणिकपूरला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, सगळं ओकले. त्यांनी उभं करून कमरेचा फोटो काढला. चौथा मणका पाचव्यावर जरा पुढे सरकलाय. वयानं चकती झिजते, सांधे सैल पडतात. पन्नाशीनंतर बायकांत हे जास्त. ताठ उभं राहिलं की नसा आवळतात, वाकलं की मोकळ्या होतात.

ऑपरेशन तूर्त नको म्हणाले. थोडे दिवस गोळ्या, मग पोटाकमरेचे व्यायाम, आणि वजन कमी. पाय लुळा पडला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी यायचं. आणि रांगोळी? दर अर्ध्या तासानं उठायचं, एवढंच! वर्षभर मी उगाच तोंड शिवून बसले.

रागावला असशील तर आता सोड.

लतिका


जूचंद्र, २९ ऑक्टोबर २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

प्रदर्शनात तुझा चेहरा काढलाय. सुरुची घड्याळ लावून उठवायची, म्हणून चार दिवस लागले. मणका आहे तिथंच आहे, तो मागे जायचा नाही. पण व्यायामानं कंबर त्याला धरून ठेवते. आता देवळापर्यंत न टेकता जाते.

काल रांगोळी संपवली आणि काही न धरता दहा मिनिटं उभी राहिले. दादा, रांगोळी वाकून काढतात, पण दिसते उभं राहून. वर्षभर माझी एकही रांगोळी मी नीट पाहिली नव्हती. डोळे भरून आले.

उभी राहिले म्हणून कळलं, तुझा डावा कान वाकडा आलाय. तसाच ठेवलाय. भाऊबीजेला ये, तोवर पुसू देत नाही. दोघं शेजारी उभं राहून बघू.

तुझीच,
लतिका