सायकलवर चढण्यापूर्वीची निरवानिरव

मी, गोरख अनंता घरत, वय वर्षे सव्वीस, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार मौजे गव्हाण, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, आज बुधवारी घराच्या ओटीवर बसून, पूर्ण शुद्धीत आणि पोटभर जेवून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही, कोणी धमकावलेले नाही. मन स्थिर आहे. अक्षर थोडे वाकडे येते आहे, ते आनंदाने. त्यात भीतीही मिसळली असेल तर अर्धी-अर्धी धरावी.

माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले आहे. जे शब्द अडले ते पनवेलच्या वाचनालयातील कोशात पाहून घेतले आहेत. तरी कुठे चूक राहिली असल्यास ती माझी समजावी, माझ्या शाळेची नव्हे.

याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती. एक अक्कलदाढ काढायला गेलो त्याच्या आदल्या दिवशी, दुसरे ओवे गावात केलेल्या सायकलच्या खेळापूर्वी. ती दोन्ही आजपासून रद्द. दाढेच्या वेळचे सापडल्यास कोणी मोठ्याने वाचू नये.

कारण असे. उद्या सकाळी सूर्य वर आला की गावाबाहेरच्या, खाडीलगतच्या खारातल्या शेतात मी सायकलवर चढेन आणि सात दिवस खाली उतरणार नाही. जेवण, अंघोळ, दाढी सगळे चालत्या सायकलवर. (बाकीच्या गोष्टींची चौकशी करू नये, त्याची सोय केलेली आहे.) तिसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी येते. त्या दिवशी शाळेची मुले झेंडा घेऊन शेतात येतील आणि मी एक हात सोडून सलामी देईन. याचा सराव केला आहे. आज सकाळपासून मला काही सुचत नाही इतका आनंद झाला आहे. दोन वेळा चेन तपासली, दोन्ही वेळा चांगली निघाली, तरी तिसऱ्यांदा तपासावीशी वाटते.

धोका सायकलचा नाही. धोका सातव्या दिवशीचा आहे, त्याविषयी पुढे लिहिले आहे. त्यासाठीच हा कागद.

कलम पहिले. गव्हाण येथील राहत्या घरातील माझा हिस्सा माझी आई श्रीमती भामा अनंता घरत हिला मिळावा. सरकारने घेतलेल्या वडिलांच्या जमिनीच्या बदल्यात भूखंड मिळायचा आहे, तो जेव्हा मिळेल तेव्हा तोही आईचाच. तिने तो घाईने कोणाला देऊ नये. घराची पन्हळ मी पुढच्या पावसाळ्याआधी बदलणार होतो, नवी पन्हळ माळ्यावर आणून ठेवली आहे. ती उजवीकडे थोडा उतार देऊन लावावी.

कलम दुसरे. माझा ट्रान्झिस्टर उलव्याला दिलेली बहीण शकू हिला. त्याचे बटण उलटे फिरते. तिच्या नवऱ्याने ते सुलटे करायला जाऊ नये, मी केले होते म्हणूनच ते उलटे झाले.

कलम तिसरे. दुकानातील सर्व हत्यारे, म्हणजे पाने, हातोडी, आरे आवळायची चावी, पंक्चर पाहायचे घमेले, ही समोरच्या दुकानाचा मालक गणू याला द्यावीत. वाचणाऱ्याला नवल वाटेल. गणू रस्त्यावर खिळे टाकून गिऱ्हाईक मिळवतो असे मी चार लोकांत बोललो होतो आणि त्याने मला "आठवी पास इंजिनियर" म्हटले होते. खिळ्यांचे सिद्ध झालेले नाही. पण चाक फिरवून, नुसत्या आवाजावरून रिंगचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणारा पनवेलमध्ये तोच एक आहे. हत्यारे त्याच्याच हातात शोभतील. त्याने ती घेताना काही बोलू नये, नाहीतर मला राग येईल.

कलम चौथे. माझा चुलतभाऊ कृष्णकांत याने माझा पंप नेला आहे. तो त्यालाच ठेवावा. आता परत आणून देऊन मला लाजवू नये.

कलम पाचवे. खेळाची सायकल माझे गुरू काशिराम यांची, त्यांना परत जावी. ती त्यांनीच मला दिली.

काशिराम गुरुजींबद्दल चार ओळी लिहिणे मला भाग आहे. आठवीनंतर शाळा सुटली तेव्हा मी दिवसभर घरात पडून असायचो. उठावे कशाला हेच कळत नसे. तेव्हा पनवेलला त्यांचा खेळ आला होता. मी पाहायला गेलो तो त्यांचा पाचवा दिवस होता. डोळे लाल, ओठ फुटलेले, आणि हा माणूस चालत्या सायकलवर आरसा धरून भांग पाडत होता! मी हसलो. ते गोल फिरून माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "हसलास ना? मग उद्या पण ये. तुझ्याकडे बघून दोन फेऱ्या जास्त मारल्या मी." माझ्यामुळे कोणी काही जास्त केले असे तोवर घडले नव्हते. मी दुसऱ्या दिवशी पहाटेच जाऊन उभा राहिलो.

ओव्याच्या खेळात मी तिसऱ्या दिवशी पडलो. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "कुठे बघत होतास?" मी म्हणालो, "पुढच्या चाकाकडे." म्हणाले, "चाकाकडे काय बघायचं? ते कुठे पळून जातंय? माणसांकडे बघ. एक तोंड धर, त्याला हस, मग पुढचं तोंड धर. तोल आपोआप राहतो." त्यानंतर मी दीड वर्ष सराव केला. पडलो, परत चढलो. घाबरट स्वभाव गेला नाही, पण तो आता मागे कॅरिअरवर बसतो, हँडल धरत नाही.

म्हणून ही सायकल पुढे गुरुजी ज्याला देतील, मुलगा असो वा मुलगी, त्याने माझ्या अटी पाळाव्यात: रोज उजाडल्यावरची पहिली फेरी ही खेळाची पहिलीच फेरी समजून मारावी, कालच्या फेऱ्या त्यात धरू नयेत. कोणी "पडला, पडला" ओरडले तर त्याला हात करावा. म्हातारे माणूस आणि लहान मूल समोर आले तर वेग कमी करावा, मग प्रेक्षक काहीही म्हणोत. आणि अंग फार दुखले तर गाणे म्हणावे. येत नसले तरी.

कलम सहावे. गावातील मंडळाचा अध्यक्ष रमेश याला माझ्याकडून काहीही मिळणार नाही. हा राग नव्हे. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये असे मला सांगण्यात आले आहे आणि रमेश साक्षीदार आहे.

कलम सातवे, सातव्या दिवसाविषयी. पौर्णिमेस, बुधवार दिनांक ३० जानेवारी रोजी, सकाळी अकरा वाजता मी सायकलवरून उतरेन. खेळाचा शेवट म्हणून, 'जिवंत समाधी' या नावाने, दुपारी बारा वाजता मंडळाने खारातल्या शेतात बांधालगत खणलेल्या खड्ड्यात मला झोपवून वर फळ्या व माती टाकण्यात येईल. सूर्य मावळताना बाहेर काढतील. मी जिवंत न निघाल्यास मंडळास जबाबदार धरू नये. आईने त्या वेळी खड्ड्याजवळ उभे राहू नये, शकूकडे उलव्याला जावे.

(वरील कलमात खाडाखोड करायची नाही म्हणून ते तसेच ठेवले आहे. खालील मजकूर त्यानंतर दोन तासांनी लिहिला. तोच खरा धरावा.)

आईला वाचता येत नाही. म्हणून कलम सातवे मी तिला वाचून दाखवले. ती वाल सोलत होती. ऐकून रडेल असे वाटले होते. ती रडली नाही. हातातली शेंग तशीच धरून म्हणाली, "कवा म्हनतोस?"

"पौर्णिमेला. दुपारी बाराला."

"नि खड्डा कंच्या शेतान?"

"आपल्या खारात. बांधाला लागून."

"आनि त्या टायमाला भरती कंदी हाय, ती काय तुजा बाप वरून येऊन सांगंल?"

मी कागद खाली ठेवला. आई म्हणाली, "आरं, ते तुना पुरतीन कशाला? बुडवतीन! उधान हाय पुनवेचा. बांधाच्या भायेर पानी चढला का आतली जमीन खालून पाजरते. मिठागरान आख्खा जलम गेला माजा. तुमी पोरं काय डोल्यांना पट्टी बांधून खनता का रं?"

मी चप्पल न घालता धावत शेतात गेलो. रमेश आणि मंडळाची तीन मुले खड्ड्याच्या कडेला बसली होती, उदबत्ती लावली होती.

रमेश म्हणाला, "बग, कोरडा ठाक हाय. आत चटई टाकू, राजावानी झोपशील."

मी म्हणालो, "रमेश, आज तिथी कोणती?"

"आठम. मंग?"

"मग आज भांगाची भरती. तिला जोर नाही, खड्डा कोरडाच राहणार. पौर्णिमेला बाराला काय असतं?"

रमेशने आधी खाडीकडे पाहिले, मग खड्ड्याकडे. "आयला!" म्हणाला. "उधान!"

आम्ही पाचही जण मिठागरवाल्यांची मुले. तिथी सांगितली की भरतीची वेळ सांगायची हे आम्ही बाराखडीच्या आधी शिकलो. पण आता मिठागरावर कोणी जात नाही, सगळे कंपनीत जातात. भिंतीवरच्या कॅलेंडरात पौर्णिमेचा गोल पाहिला आणि रात्री चांदणे मिळेल, लोक थांबतील, एवढ्यावर मंडळाने दिवस ठरवला. खड्डा खणायला सुट्टी मिळाली ती नेमकी अष्टमीला. मीही प्रत्येक नट तपासला आणि हे तपासले नाही. एकजण म्हणाला, "आजा आसता तं कानाखाली वाजवली आसती." तेव्हा आम्ही हसलो, आणि मीही खड्ड्याच्या कडेला बसलो.

रमेश लगेच म्हणाला, "टेन्शन नाय. दुसरा खड्डा वर टेकाडावर खनू. तिथं कंची भरती?"

ते खरे होते. टेकाडावर पाणी येणार नाही. मी "बरं" म्हणणारच होतो. पण तोंडून निघाले, "नको. खड्डाच नको."

"गोऱ्या, पोस्टर छापलंय! 'जिवंत समाधी', मोठ्या अक्षरान! त्याच्याबिगर लोक कशाला येतीन, तुजी चाकं फिरताना बगाया? भ्यालास ना?"

"भ्यालोच. पण तेवढंच नाही. सकाळपासून मेल्यानंतरचं लिहायला बसलोय आणि प्रत्येक कलमात पुढच्या पावसाळ्याचे बेत लिहितोय. सात दिवस मी लोकांच्या तोंडाकडे बघत जागा राहणार, आणि शेवटी त्यांना काय दाखवायचं, बंद फळ्या? मला नाही झोपायचं तिथं."

"मंग बारापासून काय करशील? लोक तं येतीन."

हे मी आधी ठरवले नव्हते, बोलता बोलताच सुचले. म्हणालो, "अकराला उतरतो. पाय चोळून घेतो, भात खातो. आणि बारापासून दिवस मावळेपर्यंत, गावात जे कोणी आजवर सायकलवर बसलेलं नाही, त्या प्रत्येकाला मागे बसवून एक फेरी. सगळ्या म्हाताऱ्या बायकांना आधी."

रमेशने उदबत्ती विझवली. मग म्हणाला, "माजी आजी नाय बसायची." थोड्या वेळाने, "नाय, बसंल. तिला बसायचंच आसतं कायपन." आणि तो फावडे घेऊन खड्डा बुजवायला लागला. बाकीचेही लागले. मी दोन फावडी टाकली, पण रमेशने हात धरला, "तू नको. उद्या चढायचंय तुना."

म्हणून कलम सातवे रद्द, त्याऐवजी कलम आठवे. पौर्णिमेस दुपारी बारा वाजता खाडीला पूर्ण भरती असेल तेव्हा मी जमिनीच्या वर असेन. कॅरिअर पक्के केले आहे, त्यावर भाताचे पोते ठेवून पाहिले, डगमगले नाही. पहिली फेरी आईची.

हे आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मी? या वयान? लोक काय बोलतीन? लुगडं आडकंल चाकान." मी म्हणालो, जाळी बसवतो. ती परत वाल सोलायला लागली. चार शेंगा सोलल्या आणि म्हणाली, "दोनी पाय एका बाजूला टाकायचं का दोनीकडं?"

कलम एक ते सहा कायम आहेत. माणसाने व्यवस्था करून ठेवावी. पण ती अमलात आणायची कोणीही घाई करू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचून, आईस वाचून दाखवून, दोन साक्षीदारांसमक्ष सही करत आहे. आता उजेड आहे तोवर चाकाला जाळी बसवायची आहे.

ठिकाण: मौजे गव्हाण, तालुका पनवेल
दिनांक: २३ जानेवारी १९९१, माघ शुद्ध अष्टमी

सही: गोरख अनंता घरत

साक्षीदार:
१. रमेश (मंडळाचा अध्यक्ष. हाताला माती आहे म्हणून कागदावर डाग पडला, तो खाडाखोड समजू नये.)
२. बळीराम (शेजारी. यांनी सही करण्यापूर्वी विचारले की पुरुषांचीही फेरी आहे का. आहे.)