खांद्यावरचा हात

६ नोव्हेंबर, बुधवार
लाभपंचमीच्या मुहूर्तावर कामाला लागलो. पॉवरलूमचा कारखाना लोधीपुऱ्यातल्या माझ्या खोलीपासून जवळच आहे. काम कांड्या भरायचं, म्हणजे मागासाठी छोट्या रिळांवर सूत गुंडाळायचं. म्हाताऱ्याला झेपेल. बायको कुसुम गेल्यापासून गावाकडे डोईफोडियाच्या घरात भिंतींशी बोलत होतो. इथं माणसं आहेत. मालक लीलाधरशेठनं स्वतःच्या हातानं पेढा दिला.

मागांचा खडखडाट एवढा की शेजारच्याचं ऐकू येत नाही. म्हणून कोणी हाक मारत नाही, मागून खांद्यावर हात ठेवतात. आपण वळायचं नाही, सूत तुटतं. नुसता हात वर करायचा, म्हणजे ओ दिली. मला काय ठाऊक! दचकून कांडीच फेकली. माग दुरुस्त करणारा कडू मिस्त्री पोट धरून हसला. म्हणे, "ओ वामनबाबा, भूत नई मी! चाय प्यायला चला."

१३ नोव्हेंबर, बुधवार
दिवसातून कितीदा तरी खांद्यावर हात पडतो. शेजारी कांड्या भरणाऱ्या सरुबाईचा हात हलका. कडू मात्र अंगठा जरा दाबतो. त्याच्या अंगठ्याचं तेल सदऱ्याला लागलं. डाग धुतला नाही. खोलीवर आल्यावर बघतो कधी कधी.

२० नोव्हेंबर, बुधवार
शेठचे गुडघे गेले, म्हणून मुलगा मोहित कारखाना बघायला लागला. भिंतींवर कॅमेरे लागले. एकमेकांना हात लावायचा नाही, त्यात वेळ जातो असं सांगितलं. काही लागलं तर लाल दिवा लावायचा. चहा आता ज्याच्या त्याच्या जागेवर येतो. कोणी हसत नाही. माझी नोकरी राहील ना, याची सारखी धास्ती.

२३ नोव्हेंबर, शनिवार
माग बिघडला म्हणून कडूनं सवयीनं मोहितच्याच खांद्यावर हात ठेवला. मोहितनं तिथल्या तिथं त्याला कामावरून काढलं. निघताना कडूनं एकेकाच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्यापण. कॅमेरा वर होता. कोणीच हात वर केला नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
कडू रविवारी त्याच्या गावी, धूलकोटला वारला. झोपला तो उठलाच नाही. शेडमध्ये कोणी त्याचं नाव काढलं नाही. जेवताना सरुबाई हळूच म्हणाली, बाबा, आता खांद्यावर हात पडला तर ओ देऊ नका, माझ्या खांद्यावर काल पडला होता. कोणाचा, असं विचारलं तर डबा बंद करून उठली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
आज माझ्या खांद्यावर. अंगठा जरा दाबलेला. समोरच्या काचेत पाहिलं, मागे कोणी नाही. घट्ट बसून राहिलो. सदऱ्यावर तेलाचा नवा डाग.

२ डिसेंबर, सोमवार
काल दिवसभर एका माणसाशी बोललो नाही. आज पुन्हा हात पडला. सरुबाईचं आठवत होतं. पण किती दिवसांत मला कोणी हात लावला नव्हता —
मी हात वर केला.

३ डिसेंबर, मंगळवार
चहावाला माझ्यापुढे थांबलाच नाही. माझ्या जागेवर नवी बाई आली, माझ्या मांडीवर बसायला लागली, उठावं लागलं. मोहितला विचारलं, मला काढलं का. तो माझ्यातून पलीकडे बघत होता.
बोट टोचलं. रक्त येतं. जिवंत आहे मी.

५ डिसेंबर, गुरुवार
लोधीपुऱ्यातही तेच. ओरडलो, भर रस्त्यात — कोणी वळून —

६ डिसेंबर, शुक्रवार
कडूचा हात आता येत नाही. त्याला ओ मिळाली. सुटला.
मी सरुबाईच्या मागे उभा असतो. हात ठेवावा वाटतो. तिनं ओ दिली तर मी सुटेन, पण ती — तिच्या घरी लहान नातू आहे. नाही ठेवणार.

७ डिसेंबर, शनिवार
नाही ठेवला.

९ डिसेंबर, सोमवार
एकदाच. हलकाच. ती ओ देणार नाही, तिला माहीत आहे. मला नुसती ऊब —
डावा हात तिच्या खांद्यावर आहे, उजव्यानं लिहितोय. गरम आहे खांदा. ती रडतेय. तिनं ओळखलं मला. कांडी थांबली. तिचा हात — नको, सरुबाई, खाली ठेव, मी काढतो माझा, निघत नाही, सरुबाई, हात वर नको —