स्टँडखालचा दगड

प्रिय ताई,

आम्ही तिघं खुशाल आहोत. तिसरी म्हणजे ती मोटरसायकल. परवा मी पायरीवरून घसरले, पण गुडघा आता बरा आहे. आईला सांगू नकोस.

दीपगृह असो की जुना पूल, चांगली जागा दिसली की तुझे मेहुणे गाडी उभी करतात, पुसतात आणि फोटो काढतात. मला म्हणतात, "जरा बाजूला हो, तुझी सावली पडतेय तिच्यावर." माती मऊ असली की तिच्या स्टँडखाली ठेवायला चपटा दगड शोधायचा तो मीच. अकरा वर्षांत माझ्यासाठी कधी खुर्ची पुढे केली नाही गं यांनी!

काल तळ्याकाठी मी दगड शोधलाच नाही. स्टँड रुतला आणि बाईसाहेब चिखलात आडव्या. हे धावत आले, टाकीवरून हात फिरवत म्हणाले, "लागलं नाही ना तुला?"

परवा मला म्हणाले होते, "बघून चालता येत नाही?"

तेवढ्यात मीही एक फोटो काढून घेतला, आडव्या बाईसाहेबांचा. सोबत पाठवतेय, जपून ठेव.

भाऊजी अजून सकाळचा चहा तुला हातात आणून देतात का? राहू दे, कळवू नकोस.

तुझी,
बाजूला उभी असलेली
धाकटी