बाजारातली दुसरी गिरणी

३ मार्च
चिवेटा बाजारात मक्याची गिरणी आजवर एकच, माझी. आज कुमवेंडाबाईंनी दुसरी काढली. विजेवरची. नवरा गेल्यावर बाई उभी राहिली, कौतुक आहे. स्पर्धेला माझा पूर्ण पाठिंबा. फक्त ती कायदेशीर हवी. उद्या मेहुण्याशी, न्यासुलूशी बोलतो. तो नगरसेवक आहे, कायदा जाणतो.

६ मार्च
तिच्या गिरणीला सील! आवाजाचा परवाना नव्हता म्हणे. तो माझ्याकडेही नाही, पण मला कुणी विचारलं नाही. सरकार निष्पक्ष असल्याची खात्री पटली.
दळणाचा भाव किंचित वाढवला. दुपटीच्या आतच.

१२ मार्च
बायका मक्याने भरलेल्या पाट्या घेऊन दारात उभ्या राहतात. बोलत नाहीत, नुसत्या बघतात. आज एकीने सुनावलंच, "हरावादादा, पोरांना आता कोरडे दाणे चावायला देऊ का?" मी आतून कडी लावून घेतली.

१९ मार्च, दुपार
कुमवेंडाबाईंनी तक्रार केली होती. राजधानीहून स्पर्धा आयोगाच्या अधिकारीबाई आल्या. थेट माझाच परवाना मागितला! मग म्हणाल्या, "नियम दोघांना सारखा. परवाना काढायला दोघांनाही मुदत देते, तोवर दोन्ही गिरण्या चालू द्या. कुणाची हरकत?"
मागे अख्खा बाजार जमलेला. मी हिशेब केला: माझं सील मेहुणा संध्याकाळपर्यंत काढेल, तिचं कोण काढणार? ठणकावून सांगितलं, "नियम म्हणजे नियम. दोन्ही बंद करा!"
पहिला दगड पत्र्यावर बसला. दुसरा खिडकीवर. मी मागच्या दाराने निघालो. पळालो नाही, भरभर चाललो.

२० मार्च
दोन्ही गिरण्यांना सील आहे आणि मेहुणा फोन उचलत नाही. बायको टेम्वा म्हणाली, "निवडणूक आलीय. माझ्या भावाला त्या बायकांची मतं हवीत, तुमचं एक घेऊन काय करेल?" राजकारण तिला कळत नाही.

२ एप्रिल
कुमवेंडाबाईंनी आवाज अडवायला जाड भिंत बांधून परवाना मिळवला. माझ्याकडेही परवान्याचा तपासनीस आला; इंजिन सुरू करताच त्याने कानांत बोटं घातली. निकाल अजून कळवलेला नाही. आशा आहे.

७ एप्रिल
घरात रोजच्या जेवणाची न्सिमा शिजवायला पीठ नाही. टेम्वाने मक्याचं पोतं माझ्या खांद्यावर ठेवलं. कुमवेंडाबाईंकडे ही गर्दी! सरळ पुढे गेलो, म्हणालो, "बाई, आपण एकाच धंद्यातले. माझं आधी घ्या."
त्यांनी मान वर केली नाही. "रांगेतून या, दादा."
मागे जाऊन उभा राहिलो. कुणी हसलंसुद्धा नाही.