आबांच्या गाण्यासाठी बारा व्होल्ट

२० फेब्रुवारी २००५, रविवार
पत्र आलं. आबांच्या जलशाचं रेकॉर्डिंग शनिवारी, १२ मार्चला, संध्याकाळी साडेसहाला दूरदर्शनवर लागणार. आबांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं. म्हणाले, "चाळीस वर्सं गायलो रे महिंदर, पन सवताला गाताना कदी बघितला नाय."
अडचण एकच. टोकावड्यात रोज संध्याकाळी सहा ते साडेआठ लाइट नसते.
संकल्प: आबा आपलं गाणं स्वतःच्या घरात, मुलाच्या टीव्हीवर बघतील. आपला चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालतो. मी फिजिक्सचा बी.एस्सी. आहे. सतरा वर्षं शाळेत विजेचा धडा शिकवतोय. याहून सोपं काय असणार?

२१ फेब्रुवारी, सोमवार
शेजारच्या अनंताला बातमी लागली. आमच्या आणि त्याच्या घरात एकच भिंत, त्यामुळे त्याला सगळं लागतं. म्हणाला, "सर, आबांना आमच्याकडं आना. इन्व्हर्टर हाय, कलर टीव्ही हाय, वर चा पन हाय." नम्रपणे नकार दिला. हा अहंकार तर नाही ना, म्हणून जेवताना स्वतःला तपासून पाहिलं. नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. कोणतं तत्त्व, ते सवडीने लिहीन.
हेडमास्तरांनी मला वीज कार्यालयाला अर्ज लिहायला लावला: दहावीच्या परीक्षेच्या काळात संध्याकाळची वीज बंद करू नये. अर्ज चांगला उतरला. उपयोग शून्य. असले अर्ज कोणी वाचत नाही.

२७ फेब्रुवारी, रविवार
माझा मेहुणा, वंदनाचा भाऊ कान्हा, मुरबाडची जीप चालवतो. त्याने जीपची जुनी बॅटरी दिली. माझ्या चांगल्या पँटवर ॲसिडचे दोन थेंब.
नाक्यावर नवसूकडे चार्जिंगला नेली. तो माझाच विद्यार्थी. म्हणाला, "सर, ही गाडीची बॅटरी. हिला एक दनका मारायची सवय. गाडी चालू झाली की हिचं काम खलास. टीव्हीला लावून हळूहळू पिलात तर बसंल. चार्ज केली की हात लावू नका, डायरेक बारा तारखेला जोडा."
मी शांतपणे गणित सांगितलं. साठ अँपिअर-अवर, भागिले टीव्हीचे दीड अँपिअर, म्हणजे चाळीस तास. तो "हो सर" म्हणाला. पटलेलं दिसलं. बॅटरीवर एवढं बोलता येतं, तर सातवीत विजेच्या धड्याला चार मार्क कसे?

१ मार्च, मंगळवार
पहिली चाचणी. चित्र आलं! पण लहान. चारी बाजूंनी तीन-तीन बोटं काळी पट्टी आणि मधे बातम्या देणारी बाई. वंदना म्हणाली, बाईला बरं नाही वाटतं.
कारण शोधलं. बॅटरी ओट्यावर, टीव्ही आत, मधे बल्बची तीस फूट बारीक वायर. वायरीतच व्होल्टेज पडतो. नवसूला हे सुचलं नसतं.

२ मार्च, बुधवार
उपाय. बॅटरी आत आणून टेबलाखाली गोणपाटावर ठेवली. जाड तांब्याची वायर हवी होती, ती टीव्हीलाच सापडली: भिंतीतल्या प्लगला जाणारी त्याची स्वतःची केबल. कापली. संध्याकाळी लाइट नसतेच, तेव्हा ती शोभेचीच होती.
चित्र पूर्ण आलं. वंदनाने विचारलं, दिवसा लाइट असली तर टीव्ही कसा लावायचा? काही माणसांना मोठा विचार पेलत नाही.

५ मार्च, शनिवार
एकदा चाललं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. विज्ञानात किमान तीन वाचनं घेतात. मी पाच घ्यायचं ठरवलंय, रोज दोन तास. आळीतल्या भिमीआत्या सिरियल बघायला येऊन बसतात, त्याला मी चाचणीच धरतो.
आबा दुपारी डफ उन्हात ठेवतात, बोटांनी हलकेच वाजवून बघतात. कॉलेजात असताना मला त्यांच्या जलशाची लाज वाटायची, म्हणून जात नसे. नंतर वेळ नसे. आता लाज वाटत नाही. तपासून पाहिलं.

८ मार्च, मंगळवार
चित्र पुन्हा लहान. भिमीआत्या म्हणाल्या, "मास्तर, ही बाई रोज वाळत चालली गो बाय." गणिताप्रमाणे अजून तीस तास शिल्लक आहेत. बॅटरीला गणित माहीत नसावं.

१० मार्च, गुरुवार
बॅटरी पुन्हा नवसूकडे. म्हणाला, "सर, तुमी चाचनी घेतली का?" मी म्हणालो, थोडी. तो म्हणाला, दोन रात्री राहू द्या, शनिवारी दुपारी न्या. त्याच्याकडेही लाइट जाते, त्यामुळे चार्जिंग थांबत थांबत होतं. बॅटरी भरायलाही लाइटच लागते, हे आधी लक्षात आलं नव्हतं. आलं होतं. लिहिलं नव्हतं.

११ मार्च, शुक्रवार
बॅटरी आजच आणली. चाचणी न घेता उद्यावर सोडणं बेजबाबदारपणाचं झालं असतं. दोन तास उत्तम चालली. शेवटची पंधरा मिनिटं मध्यम.
शाळेत वीज कार्यालयाचं परिपत्रक फिरलं. न वाचता मी कधी सही करत नाही. पण विषय "वीज" होता, आणि त्यावर मला कोणी काय सांगणार? सही केली.

१२ मार्च, शनिवार, ५.१५
आबांनी दाढी केली. पांढरा सदरा, कोट, निळा फेटा. टीव्हीसमोरच्या खुर्चीत पाच वाजल्यापासून बसलेत. वंदना, भिमीआत्या, कान्हा हजर.

६.०५
लाइट गेली नाही. जाईल.

६.१५
अजून आहे. कान्हा म्हणाला, "दाजी, आजपासून परीक्षा संपेस्तोवर जानार नाय. तुमच्याच शाळेनं अर्ज केलावता ना?"

६.२५
बॅटरी जोडली. पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका. केबल परत भिंतीतल्या प्लगला जोडतोय. दोन मिनिटांचं काम.

१३ मार्च, रविवार
दोन मिनिटांचं नव्हतं. काळी टेप मिळेना, मग आबांच्या गुडघ्याला लावायची चिकटपट्टी वापरली. भिंतीपलीकडून अनंता ओरडला, "आबा, लागला, या लवकर!" वंदना म्हणाली, जाऊ द्या ना त्यांना. आबा म्हणाले, "नको. महिंदर जोडतोय."
मी टेबलाखाली होतो. कोणीतरी मोठ्याने गात होतं, डफ वाजत होता, मला वायरींचा रंग कळेना. मी म्हणालो, जरा शांत बसा, दोन मिनिटं. सहा बावन्नला चित्र आलं. पूर्ण पडदाभर. भाताच्या बियाण्याची माहिती चालू होती.
वंदना सकाळी एवढंच म्हणाली, की भिंतीतून आबांचा आवाज येत होता, सगळं गाणं, आणि आबा मांडीवर ठेका धरून बसले होते.
मी मनात खुलासा तयार केला. परिपत्रक नीट छापलेलं नव्हतं. बॅटरी जुनी होती. केबल कापण्याचा निर्णय त्या वेळच्या माहितीनुसार बरोबरच होता.
तो सांगायला गेलो, तर आबा चहा पीत होते. त्यांनीच विचारलं, "आवाज कसा लागलावता रे?"
मी म्हणालो, फार चांगला.
आबा हसले. म्हणाले, "अनंताकडं गेलो असतो, तर मी मला बघितला असता. पन तू कदी ऐकाया आला नव्हतास ना. म्हटला घरातच बसावा, तुज्या कानावर पडंल."
बॅटरी दुपारी कान्हा घेऊन गेला.
आज तपासून काही पाहिलं नाही.